शंख, शिंपले आणि किनाऱ्यावर सापडलेल्या वस्तूंची चित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिंपल्यांचं चित्र करायला बसलेला माणूस बहुधा पहिला प्रश्न गोंदाचा विचारतो. मी त्याला उलट विचारते, शिंपले किती दिवस पाण्यात ठेवलेत? या कलेत बिघडतं ते बहुतेक मिठामुळे आणि ओलीमुळे. किनाऱ्यावरून आणलेल्या वस्तूतून समुद्राचं मीठ पूर्ण काढायचं, पण समुद्राने तिच्यावर केलेली झीज, भोकं, फिकटलेले रंग यांना हात लावायचा नाही. खालची बरीचशी उत्तरं या एका गोष्टीशी येऊन थांबतात.

मिश्र माध्यम म्हणजे नेमकं काय?

एकाच चित्रात रंग, कागद, कापड, वाळू, लाकूड, धातू असं वेगवेगळं साहित्य एकत्र वापरणं. पिकासोने १९१२ साली एका लंबगोल चित्रात खुर्चीच्या वेताच्या विणीची छपाई असलेलं मेणकापड चिकटवलं आणि भोवती खऱ्या दोराची चौकट लावली. पुढे १९१९पासून कुर्ट श्विटर्स या जर्मन चित्रकाराने तिकिटं, तारा, लाकडाचे तुकडे, फेकून दिलेलं काहीबाही घेऊन चित्रं रचली. शंखशिंपल्यांची परंपरा याहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर अष्टकोनी लाकडी पेट्यांत बारीक शिंपल्यांची नक्षी बसवत, आणि खलाशी त्या घरच्यांसाठी भेट म्हणून नेत.

फोटोफ्रेमच्या कडेला शिंपले चिकटवणं आणि हे काम यांत फरक एवढाच, की तिथे शिंपला सजावट असतो आणि इथे तो चित्रातला एक आकार, एक रंग, एक सावली असतो. तो काढून घेतला तर चित्र अपुरं वाटायला हवं.

किनाऱ्यावरून काय उचलावं आणि काय तिथेच ठेवावं?

आधी बघायचं ते शंखात कोणी राहतंय का. तोंडाशी घट्ट बसलेलं झाकण दिसलं, आत ओलसर मांस दिसलं किंवा शंख जड लागला, तर तो परत ठेवा. रिकामा दिसणारा शंखही मिनिटभर तळहातावर स्थिर धरा, आत हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात घर करणारा खेकडा असेल तर पाय बाहेर काढील. शंकूच्या आकाराचा शंख जिवंत आहे की रिकामा हे नक्की कळेपर्यंत हातच लावू नका. कोन जातीच्या गोगलगायी विषारी दंश करतात, आणि त्यांतल्या काहींचा दंश माणसाच्या जिवावर बेतलेला आहे. सँड डॉलर हा नाण्यासारखा चपटा, गोल समुद्री जीव तपकिरी-जांभळा असेल आणि अंगावर मखमलीसारखी बारीक लव असेल तर तो जिवंत आहे. मेल्यावर तो पांढरा, गुळगुळीत होतो.

तारामासा मात्र मी वापरतच नाही. विकायला ठेवलेले सुबक, सपाट तारामासे बहुतेक जिवंत पकडून वाळवलेले असतात. तोच आकार कागदाच्या लगद्यातून किंवा मातीतून करता येतो.

रिकामे शिंपलेही मोजकेच घ्या. हर्मिट क्रॅबला घर लागतं, बारीक जिवांना आसरा लागतो, आणि शिंपले झिजूनच किनाऱ्याची बरीच वाळू बनते. स्पेनच्या भूमध्य समुद्रकिनाऱ्यावर सुमारे ३० वर्षांच्या अंतराने केलेल्या मोजणीत पर्यटक अडीच पटींहून अधिक वाढले होते आणि शिंपले जवळपास तितक्याच पटीने घटले होते. एका चित्राला मुठीपेक्षा जास्त क्वचितच लागतात.

कायदा देशादेशांत वेगळा आहे आणि बऱ्याच संरक्षित किनाऱ्यांवर काहीच उचलता येत नाही, तेव्हा तिथले फलक वाचा. देशाबाहेर नेताना साइट्स हा संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार लागू होतो. महाकाय शिंपले, दगडी प्रवाळ, क्वीन काँच हा मोठा गुलाबी तोंडाचा शंख आणि नॉटिलस हा गुंडाळलेल्या कवचाचा जीव त्याच्या यादीत आहेत.

सुया, औषधाच्या बाटल्या, झाकणबंद डबे, धातूची अनोळखी नळकांडी यांना हात लावू नका. जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावर महायुद्धातल्या बाँबमधला पांढरा फॉस्फरस वाहून येतो. तो राळेच्या पिवळ्या खड्यासारखा दिसतो आणि खिशात सुकला की पेट घेतो.

शिंपले धुवायचे कसे?

गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि पाणी रोज बदला. मी तीन-चार दिवस ठेवते, आत वळणं असलेले शंख आठवडाभर. मग साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने घासून सावलीत पूर्ण सुकवा. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. ते आत राहिलं तर पावसाळी हवेत शिंपला ओलसर होतो, गोंद सुटतो, रंगावर पांढरी बुरशीसारखी पावडर येते आणि लोक बुरशीनाशक शोधत बसतात.

शंखाला वास येत असेल तर आत खोलवर मेलेल्या जिवाचा अंश अडकलेला असतो. पाच-दहा मिनिटं उकळून तो चिमट्याने किंवा वाकवलेल्या तारेने ओढून काढा. गरम शंख थेट गार पाण्यात टाकू नका, तडकतो. उकळूनही निघत नसेल तर शंख मुंग्यांच्या वाटेवर जाळीखाली ठेवून द्या. मुंग्या ते काम तुमच्यापेक्षा नीट करतात.

ब्लीच किंवा व्हिनेगर वापरलं तर लवकर स्वच्छ होतात ना?

व्हिनेगर नको. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्ल लागलं की तो विरघळायला लागतो. बुडबुडे दिसतात ती घाण निघत नसते, शिंपलाच झिजत असतो. ब्लीच पाणी घालून पातळ करून, अर्धा तास फार तर, तेही शेवाळ चिकटलेल्या पांढऱ्या शिंपल्यांनाच. ब्लीचमुळे शिंपल्यावरचं तपकिरी नैसर्गिक साल निघून जातं, आणि कधी कधी त्या सालीतच सगळं सौंदर्य असतं.

ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीच करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

वाहून आलेलं लाकूड घरात आणलं की त्यात किडे निघतात. काय करू?

कुंचल्याने वाळू झाडा, मग आठवडाभर किंवा जास्त गोड्या पाण्यात ठेवा. पाणी बदलत राहा, लाकूड वर येतं म्हणून दगड ठेवून दाबा. छोटे तुकडे उकळले तर किडेही मरतात आणि मीठही लवकर निघतं. मग सुकवणं, आणि इथे घाई करणारा फसतो. मनगटाएवढ्या जाडीच्या तुकड्याला हवेशीर सावलीत कित्येक आठवडे लागतात. माझं एक लाटेच्या आकाराचं लाकूड वरून कोरडं लागत होतं, म्हणून मी ते पाटीवर बसवून टाकलं. दोन महिन्यांनी ते आकसलं आणि त्याच्या कडेला लावलेल्या शिंपल्यांची अख्खी ओळ निखळली. तेव्हापासून मी तुकडा आठवड्याच्या अंतराने वजन करून बघते. दोनदा वजन तेवढंच भरलं की लाकूड तयार.

चित्र कशावर करावं?

ताणलेल्या कॅनव्हासवर जड वस्तू नकोत. कॅनव्हास लवचिक असतो, भिंतीवरून काढताना, हलवताना तो दबतो आणि कडक गोंद तडकतो. प्लायवुडची फळी सगळ्यांत बरी. दोन्ही बाजूंना जेसोचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे हात द्या, एकाच बाजूला दिला तर फळी वाकते. कॅनव्हासच हवा असेल तर त्याच्या पाठीमागे चौकटीत बसेल असा जाड पुठ्ठा किंवा पातळ फळी घाला.

गोंद कोणता?

एकच गोंद सगळीकडे चालत नाही. गोंद निवडताना तीन गोष्टी बघायच्या: वस्तूचं वजन किती, ती टेकते किती जागेवर, आणि दोन्ही पृष्ठभागांपैकी एक तरी पाणी शोषतो का.

कागद, कापड, सुतळी, वाळू, बारीक शिंपल्यांचा चुरा यांना साधा पांढरा गोंद किंवा अॅक्रिलिक जेल मीडियम (रंग नसलेलं, दाट अॅक्रिलिक, सुकलं की पारदर्शक होतं) पुरे. हे पाणी उडून सुकतात, म्हणून एक बाजू तरी शोषणारी हवी. गुळगुळीत शिंपला रंगवलेल्या फळीवर पांढऱ्या गोंदाने लावला तर मधला गोंद कित्येक दिवस ओलाच राहतो.

मध्यम शिंपले, काच, गोट्या यांना घट्ट जेल मीडियम किंवा पारदर्शक, थोडा लवचिक राहणारा औद्योगिक गोंद लावा. जड शंख, दगड, धातू यांना इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद. शंखाची पाठ गोल असते आणि फळीला एका बिंदूवर टेकते, तिथे नुसत्या गोंदाने काही होत नाही. खाली इपॉक्सी पुट्टीची छोटी गादी करा, शंख तिच्यात दाबून बसवा, आणि गादी वाळूने झाका.

ग्लू गन मी फक्त रचना तात्पुरती धरायला वापरते. तिचा गोंद उन्हात मऊ पडतो आणि गुळगुळीत शिंपल्यावरून सालीसारखा अलगद सुटतो. झटपट चिकटणारा सुपरग्लू ठिसूळ असतो, शिवाय सुती कापडावर सांडला तर चटका बसेल इतका तापतो.

कुठलाही गोंद लावण्याआधी जिथे लावायचा ती जागा पॉलिश पेपरने खरवडून घ्या. शिंपल्याला आधी तेल लावून ठेवलं असेल तर कुठलाच गोंद धरणार नाही. चित्र चोवीस तास आडवंच ठेवा, इपॉक्सी असेल तर डब्यावर लिहिलेल्या वेळेआधी उभं करू नका. गोंद सुकल्यासारखा वाटणं आणि पूर्ण पकडणं यात दिवसांचं अंतर असू शकतं.

वाळू नीट बसत नाही, झडत राहते.

वाळूही धुवायची असते, तिच्यात मीठ भरपूर असतं. चार-पाच पाण्यांतून काढून, पसरून, खडखडीत वाळवा. जिथे हवी तिथे जेल मीडियमचा जाडसर थर द्या, वाळू भरपूर भुरभुरवा, हाताने हलकेच दाबा आणि दुसऱ्या दिवशी फळी उभी करून जादा वाळू झटका. मग मीडियम आणि पाणी समप्रमाणात मिसळून फवारा किंवा कुंचल्याने टेकवत टेकवत लावा. हा शेवटचा हात लोक विसरतात. ओली वाळू दाखवायची असेल तर याच थरावर पातळ तपकिरी रंगाची झाक द्या. खरी वाळूही ओली झाली की गडदच होते.

माझं चित्र नेहमी पर्यटनस्थळाच्या भेटवस्तूसारखं का दिसतं?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. बहुतेक वेळा कारण असं असतं, की चित्रातला प्रत्येक शिंपला अख्खा, सुंदर आणि बघणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेला असतो. खरा किनारा तसा नसतो.

ओहोटीला जाऊन भरतीची रेषा बघा. लाट वस्तू वजनाप्रमाणे निवडत जाते. हलकं सुकं शेवाळ, पिसं, बुचं सर्वांत वर, जड शंख आणि गोटे खाली. दोन कवचांच्या शिंपल्याचं सुटं कवच वाहत्या पाण्यात पालथं पडलं की स्थिर राहतं आणि उताणं पडलं की उलटतं, म्हणून किनाऱ्यावरचे बहुतेक शिंपले पाठ वर करून पडलेले दिसतात. चित्रात दहातले आठ शिंपले पालथे ठेवा आणि दोनच उताणे, आतली चमक दिसेल असे. नजर आपोआप त्या दोनांकडे जाते. तुटके तुकडे तर हवेतच. शंख मधोमध तुटला की आतलं वळण उघडं पडतं, आणि ते वळण मला अख्ख्या शंखाहून जास्त बोलकं वाटतं.

रिकामी जागा ठेवा. फळीचा अर्धा भाग नुसती वाळू किंवा नुसतं पाणी असू द्या. रचना चिकटवण्याआधी फोन वरून धरून फोटो काढा आणि फोटो कृष्णधवल करून बघा. रंग गेल्यावरही चित्र उभं राहत असेल तर गोंद हातात घ्या. नाहीतर वस्तू कमी करा. वाढवून सुधारलेलं चित्र मी क्वचितच पाहिलंय.

पाण्यासाठी निळा रंग सरसकट ओतू नका. पाणी लाल प्रकाश आधी शोषून घेतं, म्हणून खोल समुद्र निळा दिसतो. काठाशी पाणी उथळ असतं, खालची वाळू वर दिसते, आणि रंग पिवळट हिरव्याकडे झुकतो. वाळूकडून समुद्राकडे जाताना पातळ थरांनी हा बदल होऊ द्या. लाटेची कड उभी करायला टिश्यू पेपर गोंदात भिजवून चुरगळून ठेवा, फेसासाठी बँडेजची जाळी ताणून, फाडून त्यावर जेसो. फेसाखाली एक बारीक राखाडी सावली ओढली की तो वाळूवरून उचलल्यासारखा दिसतो.

शिंपल्याला भोक पाडताना तो फुटतो.

हिऱ्याचा मुलामा दिलेली ड्रिलची बारीक बिट, हळू गती, आणि भोकाच्या जागी सतत पाण्याचा थेंब. पाण्याने उष्णता कमी होते आणि धूळ उडत नाही. शिंपल्याची धूळ फुप्फुसाला चांगली नाही, घासताना आणि भोक पाडताना मास्क लावाच. ड्रिलच्या वायरजवळ पाणी नको, चार्जिंगचं यंत्र वापरा. आणि आधी किनाऱ्यावरच नीट शोधा. भक्षक गोगलगायींनी पाडलेली गोल, देखणी भोकं असलेले शिंपले हवे तितके सापडतात.

समुद्री काच खरी की यंत्रात घासलेली, कसं ओळखायचं?

भिंगाखाली खऱ्या काचेवर चंद्रकोरीसारख्या बारीक खाचा दिसतात आणि धूसरपणा सगळीकडे सारखा नसतो. यंत्रातली काच एकसारखी रेशमी असते. पांढरी, तपकिरी आणि हिरवी काच जास्त मिळते कारण बाटल्या त्या रंगांच्या होत्या. निळी कमी, लाल आणि नारिंगी फार दुर्मीळ. अशी काच फळीवर थेट चिकटवली की मेल्यासारखी दिसते. तिच्याखाली पांढरा जेसो ठेवा आणि पारदर्शक गोंद वापरा, म्हणजे प्रकाश आत जाऊन परत येतो.

शेवाळ टिकतं का?

टिकतं, आणि अतिशय सुंदर टिकतं. वाहून आलेलं, नाजूक फांद्यांचं लाल शेवाळ घ्या. गोड्या पाण्यात झटकन खळबळून उथळ तबकात तरंगू द्या. जाड जलरंगाचा कागद त्याखाली सरकवा, कुंचल्याने फांद्या पसरवा आणि कागद तिरका करून हळूच वर घ्या. वर मलमलचं कापड, खाली-वर टिपकागद, आणि वजन. टिपकागद पहिले काही दिवस रोज बदला. शेवाळाच्या अंगच्या चिकटपणामुळे ते बहुधा गोंदाशिवाय कागदाला धरतं. सुकलं की कागदासकट कापून चित्रात बसवा. जाड, मांसल शेवाळाच्या नादी लागू नका, ते आकसतं आणि वास मारतं.

प्लास्टिकचे तुकडे वापरावेत का?

जरूर वापरा. शिंपला उचलला तर किनाऱ्यावरचं काहीतरी कमी होतं, प्लास्टिक उचललं तर किनारा मोकळा होतो. फिकटलेला दोर, जाळ्याचा गुंता, उन्हाने पांढरी पडलेली झाकणं, चप्पलेचा पट्टा, हे आजच्या किनाऱ्याचं खरंखुरं साहित्य आहे. रंगांप्रमाणे बरण्यांत वेगळं करून ठेवा. गुळगुळीत प्लास्टिकवर बहुतेक गोंद टिकत नाहीत, म्हणून मागून भोक पाडून तारेने किंवा दोऱ्याने बांधा. उन्हाने कुरकुरीत झालेलं प्लास्टिक हातात भुगा होतं, ते उचला पण चित्रात घेऊ नका.

गंजलेला खिळा लावला आणि भोवतीचा पांढरा रंग पिवळा पडला.

जेसो आणि अॅक्रिलिकमध्ये पाणी असतं, त्यामुळे गंज विरघळून पसरतो. सैल गंज ब्रशने झाडून, धातू पूर्ण सुकवून, त्यावर पाण्याचा अंश नसलेल्या वार्निशचे दोन हात द्या आणि मगच लावा.

रेझिन ओतताना बुडबुडे थांबत नाहीत.

रेझिन म्हणजे दोन भाग मिसळून ओतायचं, काचेसारखं घट्ट होणारं द्रव. बुडबुडे बहुतेक रेझिनमधून नाही, शिंपल्यातून आणि लाकडातून येतात. त्यांच्या सूक्ष्म छिद्रांतली हवा हळूहळू वर निघते. आदल्या दिवशी प्रत्येक वस्तूवर रेझिनचाच किंवा मीडियमचा पातळ हात देऊन छिद्रं बंद करा. प्रमाण डब्यावर लिहिल्याप्रमाणेच, थेंबभरही अंदाजाने नाही, नाहीतर ते कायम चिकट राहतं. लेपाचं रेझिन एका वेळी साधारण ३ मिमीपेक्षा जाड ओतू नका, जाड थर स्वतःच्याच उष्णतेने तापतो आणि पिवळा पडतो. हातमोजे आणि उघड्या खिडक्या. न घट्ट झालेलं रेझिन कातडीला वारंवार लागलं तर कायमची अॅलर्जी होऊ शकते.

माझं मत विचाराल तर अख्खं चित्र रेझिनखाली बुडवू नका. खडबडीतपणा झाकला जातो आणि सगळं एकसारखं चकाकतं. पाण्याच्या एखाद्या डबक्यापुरतं वापरलं की ते खरं पाणी वाटतं.

ओला असताना गोटा सुरेख दिसत होता, सुकल्यावर निस्तेज झाला.

पृष्ठभागाचा खडबडीतपणा प्रकाश विखुरतो, पाण्याचा पातळ पापुद्रा तो विखुरणं कमी करतो. तेच काम वार्निश करतं. गोट्यांना चकचकीत आणि शिंपल्यांना मॅट वार्निश मला पटतं. शिंपल्याच्या आतल्या मोतिया भागाला काहीच लावू नका. तिथला रंग एकावर एक रचलेल्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर प्रकाश पडून तयार होतो, म्हणून तो उन्हानेही सहसा विटत नाही. बाहेरच्या बाजूचे गुलाबी, जांभळे रंग मात्र उन्हात फिके पडतात. चित्र थेट उन्हात टांगू नका.

बंद फ्रेममधल्या शिंपल्यांवर वर्षभराने पांढरी भुकटी आली. बुरशी आहे का?

मीठ नीट काढलं असेल, तर बहुधा नाही. शंखसंग्राहक याला 'बाइनचा रोग' म्हणतात. बाइन नावाच्या ब्रिटिश संग्राहकाने १८९९ साली याचं वर्णन केलं. हा रोग नसून रासायनिक क्रिया आहे. ओकसारखं लाकूड, एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी), हलका पुठ्ठा, काही गोंद यांतून आम्लाच्या वाफा निघतात, बंद जागेत साठतात आणि शिंपल्यावर क्षार तयार करतात. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉनचा गोंद याच कारणासाठी टाळा आणि न्यूट्रल लिहिलेला घ्या. खोल पेटीसारख्या फ्रेमला आतून आम्लरहित कागद लावा आणि मागे हवा खेळायला दोन बारीक छिद्रं ठेवा. भुकटी आलेले शिंपले काढता येत असतील तर काढून गोड्या पाण्यात भिजवा आणि सुकवा. झालेली झीज भरून येत नाही, पण पुढची थांबते.

लहान मुलांबरोबर कुठून सुरुवात करू?

जाड पुठ्ठा, पांढरा गोंद, धुतलेली वाळू, दोर, मोठे शिंपले. इपॉक्सी, रेझिन, ग्लू गन आणि ड्रिल मोठ्यांच्या हातात. अगदी लहान मुलांना बारीक शंख देऊ नका, तोंडात जातात. शिंपले कुठे लावायचे ते मुलांना ठरवू द्या. शिंपले पालथे ठेवण्याची अक्कल त्यांना न शिकवताच असते, कारण किनाऱ्यावर ती खाली बघत चाललेली असतात.

माझ्या जवळपास समुद्र नाही.

नदीकाठचे गोटे, गोड्या पाण्यातले शिंपले, पुरात वाहून आलेली लाकडं यांनाही हेच नियम लागू पडतात, आणि त्यांच्यातून मीठ काढण्याची कटकट नाही. विकतचे शिंपले घेणार असाल तर ते जिवंत पकडलेले आहेत का ते विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर ते घेऊ नका. कुणाच्या घरात जुन्या सहलींतून जमवलेली शिंपल्यांची बरणी धूळ खात असतेच, ती मागा. तेही न धुतलेलेच असतील, तेव्हा घरी आणल्यावर आधी पाण्यात टाका.